संदकफूच्या चढावर लँड रोव्हरचा खोकला

दार्जिलिंगला गेलेलं मराठी कुटुंब साधारणपणे टायगर हिलचा सूर्योदय, टॉय ट्रेन अन् चहाचे मळे पाहून समाधानानं परततं. तिथून जेमतेम सव्वीस-सत्तावीस किलोमीटरवर जुन्या मोटारींचं एक चालतंफिरतं संग्रहालय आहे, याची फारशी कुणाला खबर नसते.

गावाचं नाव मानेभंज्यांग. उंची सुमारे ६,३०० फूट. बाजाराला खेटूनच नेपाळची हद्द. पश्चिम बंगालमधलं सर्वांत उंच ठिकाण, ३,६३६ मीटरवरचं संदकफू, इथून ३१ किलोमीटर. एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से अन् मकालू ही जगातल्या पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार तिथून एकाच नजरेत मावतात. या वाटेवर अनेक दशकं माणसं अन् सामान वाहून नेलं ते जुन्या लँड रोव्हर गाड्यांनी.

१९४८मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा जगासमोर आली. महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून तिचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं केलं गेलं. दार्जिलिंगच्या ब्रिटिश मळेवाल्यांनी या गाड्या आणल्या अन् जाताना इथेच सोडल्या. पुढे २००८मध्ये ही कंपनीच टाटा मोटर्सनं विकत घेतली, हा आणखी एक योगायोग!

आता सत्तरी गाठलेल्या गाडीला दुखणी असणारच. त्यातली दोन नेहमीची. एक, सकाळी चटकन सुरू न होणं. दुसरं, वाटेत फट्‌फट् फटाके फोडणं, म्हणजे बॅकफायर. इतक्या जुन्या गाडीचा सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. म्हणून काही बदलण्याआधी दुखणं नेमकं ओळखावं लागतं. जाणता मिस्त्री पहिला प्रश्न विचारतो, आवाज पुढून आला की मागून?

मागून, म्हणजे सायलेन्सरमधून आला, तर इंजिनात न जळलेलं पेट्रोल बाहेर जाऊन पेटतंय. त्याला उंची कारणीभूत असू शकते. संदकफूला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी असतो. जुना कार्बोरेटर मात्र पेट्रोल सोडतो ते खालच्याच हिशेबानं. मग पेट्रोल जास्त, हवा कमी. धूर काळा येतो, प्लगवर काजळी धरते, चढावर ताकद पडते. त्यात सायलेन्सरचा एखादा जोड उसवला असेल, तर उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच तिथून हवा आत शिरते अन् फटाका वाजतो. सकाळी ओढलेला चोक आत ढकलायचा राहिला, तरी हाच तमाशा.

आवाज पुढून, कार्बोरेटरमधून आला, तर ठिणगीची वेळ चुकली आहे किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. दगडांवरून आदळून मॅनिफोल्डचे नट सैल झाले, की फालतू हवा आत जाते. जेटमध्ये कचरा अडकला, तरी तेच. प्लगच्या वायरी काढून लावताना अदलाबदल झाली, तर इंजिन पुढूनही खोकतं अन् मागूनही. चार सिलिंडरांचा क्रम १-३-४-२. तो चुकून चालत नाही.

तिसरा गुन्हेगार धुकं. सिंगालिलाच्या या डोंगररांगेत ढग थेट बॉनेटमध्ये शिरतात. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात दव साचलं किंवा बारीक तडा असला, की वीज भलतीच वाट धरते. एका सिलिंडरची ठिणगी दुसऱ्यातच पडते. यावरचा पहिला इलाज फुकटचा आहे. झाकण काढायचं, कोरड्या फडक्यानं आतून पुसायचं, तडा दिसतो का ते पाहायचं.

सकाळच्या थंडीत गाडी सुरूच होत नसेल, तर तपास पायरीपायरीनं. आधी ठिणगी, मग पेट्रोल, मग हवा, शेवटी कॉम्प्रेशन. प्लग काढून पाहिला, की तो बरंच बोलतो. बिस्किटी रंग म्हणजे तब्येत ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोलनं ओला असेल, तर पेट्रोल पोचतंय, पण ठिणगी कमजोर आहे किंवा पडतच नाही. अगदी पांढरा म्हणजे पेट्रोल कमी. मग पॉइंट पाहायचे. त्यांच्यातली फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. पॉइंट झिजून फट कमी झाली, की ठिणगी उशिरा पडते, कमजोरही होते. सुरू व्हायला त्रास अन् मागून फटाका, दोन्ही दुखण्यांचं मूळ मग एकच निघतं. पॉइंट करपलेले दिसले, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा.

बॅटरी गारठली, तर हँडल आहेच. ते मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही. टायमिंग फार पुढे गेलेलं असलं, तर हँडल उलटं झटका देतं अन् अंगठा मोडू शकतो.

ही सारी काळजी केवळ हौसेची नव्हे. काळीपोखरीच्या पुढच्या खड्या चढावर इंजिन बंद पडलं, की गाडी मागे सरकू लागते. एका बाजूला दरी, आत प्रवासी. मागच्या चाकाला दगड लावायला कुणीतरी उडी मारतं. निघण्यापूर्वी पुसलेलं एक झाकण हा प्रसंग टाळू शकतं.

काही गाड्यांत मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं गेलं आहे. त्यात प्लग-पॉइंटची भानगड नाही. तिथे सुरू व्हायला त्रास झाला, तर डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे का, ते आधी पाहतात. वाटेचा मोठा भाग आता काँक्रीटचा झाला असून नव्या जीपगाड्याही वर जातात. जुन्या लँड रोव्हर कमी होत चालल्या, तसं त्यांची दुखणी ओळखणारे कानही कमी होणार.

संदकफूला जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ असतं. एप्रिल-मेमध्ये गुरांसाची फुलं बहरतात. मध्य जून ते मध्य सप्टेंबर राष्ट्रीय उद्यान बंद. वाटेत लँड रोव्हर खोकली अन् चालकानं बॉनेट उघडलं, तर त्याला घाई करू नये. तुमलिंगला उतरून चहा घ्यावा. तेवढ्यात त्याचा प्लग पुसून होतो.