पडद्यावरचा आभासी माणूस आणि खुणांची भाषा

आज बातम्या लागल्या की टीव्हीचा आवाज पाच मिनिटं बंद करून बघा. निवेदकाचे ओठ हलतील, पण कळणार फारसं काहीच नाही. कर्णबधिर प्रेक्षकांचा हा रोजचा अनुभव असतो.

तुम्ही म्हणाल, "खाली अक्षरं दाखवली की झालं!" पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची मनातली भाषा ही खुणांची भाषा असते. छापील भाषा त्यांना दुसरी भाषा म्हणून शिकावी लागते. आपल्याला तरी इंग्रजीच्या धावत्या ओळी भराभर वाचायला कुठे जमतात?

ब्रिटनमध्ये यावर गांभीर्याने विचार झाला. १९९६ च्या प्रसारण कायद्याने डिजिटल वाहिन्यांना ठरावीक प्रमाणात कार्यक्रम खुणांच्या भाषेत दाखवणे बंधनकारक केले. पण इतके दुभाषी आणायचे कुठून? त्यातून 'सायमन' जन्माला आला. सायमन म्हणजे संगणकाने घडवलेला आभासी माणूस. खुणा जाणणाऱ्या व्यक्तीच्या हातात संवेदक असलेले मोजे घालायचे, अंगावर संवेदक लावायचे, चेहऱ्याच्या हालचाली टिपायच्या आणि एकेका शब्दाची खूण साठवून ठेवायची. मग पडद्याखालच्या मजकुरातला शब्द आला की सायमन ती खूण करून दाखवणार.

कल्पना छान होती, पण मेख इथेच होती. काही मुलं वहीत 'माय नेम इज आशा' याचं मराठी 'माझे नाव आहे आशा' असं करतात. शब्द बरोबर, पण ही मराठीची मांडणी नव्हे. सायमनचंही तसंच झालं. तो इंग्रजीच्या क्रमाने खुणा करायचा. ब्रिटिश खुणांच्या भाषेला मात्र स्वतःचं व्याकरण आहे. 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर हवं असलेला प्रश्न विचारताना भुवया उंचावतात. म्हणजे तिथे चेहरा हा व्याकरणाचाच भाग! पुढे 'व्हिसिकास्ट' या युरोपीय प्रकल्पात हातांचा आकार, जागा, हालचाल आणि चेहरा यांची चिन्हांत नोंद करून त्यावरून आभासी माणूस हलवण्याचा प्रयत्न झाला.

२०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये चीनच्या सरकारी वाहिनीनेही असा निवेदक आणला. तंत्र वेगाने सुधारते आहे. तरीही जागतिक कर्णबधिर महासंघाने २०१८ मध्येच बजावले होते, की आधीच तयार असलेल्या ठरावीक माहितीसाठी आभासी माणूस चालेल, पण थेट संवादात तो माणसाची जागा घेऊ शकत नाही. मला हे पटतं. रेल्वेची नेहमीची घोषणा यंत्राने करावी. पण वादळाच्या इशाऱ्यात एक खूण चुकली तर? ती चूक जिवावर बेतेल.

आपल्या देशाची भारतीय सांकेतिक भाषा वेगळी आहे. ब्रिटनचा किंवा चीनचा आभासी माणूस आणून इथे चालणार नाही. २०१५ मध्ये दिल्लीत या भाषेसाठी संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि तिचा चित्रफितींचा शब्दकोशही तयार झाला. उद्या आपल्याकडे असे तंत्र घडवायचे असेल, तर ते तपासायला सर्वात आधी कर्णबधिर माणसंच हवीत. भाषा त्यांची आहे, मग चूक-बरोबर ठरवणार दुसरं कोण?

तुम्हाला काय वाटतं? वहीत पाच ओळी जरूर लिहा.