एकतीस ओळी

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे एकमेकांना खेटून आहेत. तिथल्या एका इमारतीतले सबमीटर खालच्या ऑफिसात बसून वाचता यावेत, हे काम माझ्याकडे आलं. नवी केबल ओढायला वाट नव्हती, तेव्हा विजेच्या तारेवरूनच आकडे पाठवायचं ठरलं.

भर दुपारी ऑसिलोस्कोप लावला. भांड्यांना कान जोडणारी स्पॉट वेल्डिंगची यंत्रं, मोटारींचे स्पीड कंट्रोलर, सगळं जोरात. ५० हर्ट्झच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनात, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी, ठरल्या जागी गोंगाटाचा झटका दिसे. टिके जेमतेम एक मिलिसेकंद. पण सेकंदाला २४०० बिट पाठवताना तेवढ्यात दोन-तीन बिट जात.

रिचर्ड हॅमिंग यांचा १९५०चा संकेत चार बिटांना तीन जोडतो. त्या सात बिटांच्या शब्दातला कुठलाही एक बिघडला तर नेमका सापडतो. एकाच शब्दातले दोन गेले की मात्र त्याचं काही चालत नाही. म्हणून शब्द आडव्या ओळींत लिहायचे आणि उभ्या रकान्यांनी पाठवायचे, म्हणजे शब्दाचे लागोपाठचे बिट ओळींच्या संख्येइतके दूर जातात.

ओळी किती घ्यायच्या, यातच खरी गंमत आहे. १० मिलिसेकंदांत २४ बिट जातात, म्हणजे २४ घरं. ओळीही २४च घेतल्या, तर शब्दाचा एक बिट झटक्यात सापडला की सातही सापडणार! २५ घेतल्या तर बिट एकेक घर सरकतात, तरी तीन जातातच. मांडत मांडत मी ३१वर आलो. तेव्हा २४ घरांत बिटांच्या जागा येतात ०, ७, १४, २१, ४, ११, १८. कुठल्याही दोघांत किमान तीन घरांचं अंतर. तीन बिटांचा झटका शब्दातला एकच बिट नेतो, आणि तो हॅमिंग परत आणतो.

अशा मांडणीच्या गणिताशी मुंबईचं जुनं नातं आहे. पुढे मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग सांभाळणारे शरदचंद्र श्रीखंडे यांनी राजचंद्र बोस यांच्यासोबत संकेतरचनेवर निबंध लिहिला तो १९५९ साली. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

आकडे मीटरशी जुळू लागले. वायरमनने विचारलं, "साहेब, मशिनं चालू असतानाच घेताय ना?" सगळी चालू होती.

वरचे दोन गाळे मात्र दुसऱ्या फेजवर आहेत. तिथून सिग्नलच इतका क्षीण येतो, की संकेत पुरत नाही. पॅनेलमध्ये दोन फेजांना जोडणारा कपॅसिटरचा कपलर बसवायला मालकांकडे परवानगी मागितली आहे.