ग्लॉस्टरशरमधील एक पायवाट

रविवार. मावसबहिणीकडे न्याहारी आटोपून, तिचे यजमान, त्यांचे वृद्ध इंग्रज शेजारी आणि आम्ही सहकुटुंब असा लवाजमा बोर्टन-ऑन-द-हिलहून लाँगबरोकडे निघाला, तेव्हा कोणा खासगी मालकाच्या कुरणातून, त्याच्या मेंढरांच्या देखत, विनापरवानगी आपण चाललो आहोत या जाणिवेने माझा जीव प्रथम संकोचला. परंतु येथे पायवाटेवरील जनतेची वहिवाट इनामाच्या सनदेइतकी पक्की. १९४९च्या कायद्यान्वये काउंटी कौन्सिलांनी अशा वाटांची पाहणी करून त्या नकाशावर कायम केल्या, आणि एकदा दप्तरी दाखल झालेली वाट मालकाला लहर आली म्हणून बंद होत नाही. (गावाकडचे बांधावरील तंटे आठवून आमच्या सौ. हसल्या.)

पुढे वृक्षराजीतून सीझिनकोटचा हिरवट ताम्रघुमट प्रकट झाला. कंपनी सरकारच्या चाकरीत बंगालमध्ये धनाढ्य झालेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या वास्तुविशारद भावाने १८०५च्या सुमारास उभारलेली ही मोगली धाटणीची हवेली, छज्जे आणि छत्र्यांसह, मधुवर्णी पाषाणात घडवलेली; ब्रायटनच्या राजप्रासादाला स्फूर्ती मिळाली ती हिच्यापासूनच. वास्तू सुंदर आहे हे नाकारणे क्षुद्रपणाचे ठरेल. तथापि तिच्या खर्चाची रक्कम बंगालच्या कोणत्या रयतेच्या नावे पडली असेल, हा विचार मनातून जाईना. शेजारी गृहस्थांनी मात्र, आम्हांला अगदी घरी आल्यासारखे वाटत असेल, नाही का, असे निरागसपणे विचारले. आमच्या चिरंजीवांनी परस्पर खुलासा केला, की आमचे घर डोंबिवलीस, तिसऱ्या मजल्यावर आहे.