माकूल

उर्दूत 'माकूल' हे दोन शब्द आहेत. एक ऐन आणि बड्या काफचा. त्याचा अर्थ योग्य, पटण्यासारखा. 'माकूल जवाब' म्हणतात तो हा. दुसरा अलिफ आणि छोट्या काफचा, म्हणजे खाण्याजोगा. देवनागरीत लिहिले की दोन्ही सारखेच. वर्गात आम्ही हा फरक फळ्यावर लिहून दाखवतो. तिसऱ्या माकूलने मात्र आमच्या घरात सात वर्षं अबोला पेरून ठेवला होता. ते रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावर टोपलीत मिळतं. आठ हात, दोन लांब सोंडा, पाठीत पांढरी कवटी आणि पोटात शाईची पिशवी.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं. दोघंही उर्दू शाळेत शिक्षक, नोकरीनिमित्त सांगलीत. एक सातारकर, एक रत्नागिरीकर. आता कोकणातले मुसलमान शाफई आणि आम्ही देशावरचे हनफी. शाफईंना दर्यातलं बहुतेक सगळं चालतं. हनफींना फक्त मासा चालतो, आणि माकूल काही मासा नव्हे. कोलंबीबद्दल हनफी उलेमांतच दोन मतं आहेत, त्यामुळे साताऱ्याच्या आमच्या घरात सुका जवळा बिनदिक्कत खाल्ला जातो. पण माकूल म्हटलं की अम्मी पदर नाकाला लावतात.

२०१७ साली लग्न झालं. पहिल्याच रमजान ईदेनंतर रत्नागिरीहून सासूबाईंनी स्टीलच्या डब्यात माकुलाचं सुकं पाठवलं. साताऱ्याच्या घरात डबा उघडला गेला. अम्मींनी वास ओळखला, काही न बोलता डबा उचलला आणि डब्यासकट कचराकुंडीत टाकून आल्या. दुसऱ्या वर्षी सासूबाई वारल्या. त्या डब्याच्या झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं होतं. पुढे या विषयावर घरात कुणी एक शब्द काढला नाही. सांगलीच्या घरात माकूल शिजायचं, पण अम्मी येणार असल्या की आठ दिवस आधी बंद. भांडी लिंबाने घासली जायची.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला गेलो असताना यावरून आमच्या दोघांतच जुंपली. "तुम्ही लोकांनी ते कधी जिवंत तरी पाहिलंय का?" असा रत्नागिरीकराचा सवाल होता. सातारकराकडे माकूल जवाब नव्हता. दुसऱ्या दिवशी मेहुण्याने जाळ्याच्या दोराचा एक तुकडा बादलीत घालून आणून दिला. दोराला काळ्या मण्यांचा घोस लगडलेला. तासगावच्या काळ्या द्राक्षांचा एखादा घड कुणी बुटका करून टांगावा तसा. ही माकुलाची अंडी. मादी एकेक अंडं शाई मिसळून चिकटवते, म्हणून ती काळी. अंडी घातल्यावर ती फार दिवस जगत नाही. पिल्लांना आई भेटतच नाही.

आपल्या किनाऱ्यावर जे लहानखुरं माकूल सापडतं, त्याचं शास्त्रीय नाव सेपिएला इनर्मिस. तुतिकोरीनच्या समुद्री मत्स्य संशोधन केंद्रात ते टाक्यांमधून वाढवून पाहिलेलं आहे. परदेशात हौशी लोक इंडोनेशिया-फिलिपीन्सकडचं बुटकं माकूल घरच्या काचेच्या टाकीत वाढवतात. ते जेमतेम सात सेंटिमीटरचं होतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नोबेल मिळालेल्या रिचर्ड अ‍ॅक्सेल यांच्या प्रयोगशाळेत याच बुटक्या माकुलाचा अभ्यास चालतो, आणि २०२३ मध्ये तिथून त्याच्या मेंदूचा नकाशाही प्रसिद्ध झाला. कारण चमत्कारिक आहे. हा प्राणी क्षणात अंगाचा रंग भोवतालासारखा करतो, आणि त्याच्या डोळ्याला स्वतःला मात्र बहुधा रंग दिसत नाहीत.

कोल्हापूरला मासळी घेऊन जाणाऱ्या टेम्पोत समुद्राच्या पाण्याचे वीस लिटरचे सहा कॅन चढवले. अंडी आमच्या मांडीवर, बॅटरीवर चालणाऱ्या हवेच्या पंपासकट. आंबा घाटात पंप दोनदा बंद पडला. सांगलीत अडीच फुटांची टाकी आधीच मागवून ठेवली होती. वाळू, स्पंजाचा फिल्टर, थंडीसाठी हीटर, पाण्याचा खारेपणा मोजायची नळी. यावर किती खर्च झाला ते अम्मींना अजून सांगितलेलं नाही.

अंडी मोजली, एकतीस. दिवसागणिक ती फुगली, काळेपणा विरळ झाला आणि आतून एक डोळा आमच्याकडे पाहू लागला. सातारकर त्या रात्री टाकीसमोरून उठलाच नाही. नोव्हेंबरच्या मध्यात सव्वीस पिल्लं बाहेर आली. मुगाच्या दाण्याएवढी, पण संपूर्ण माकूल. काठी हलवली की शाईचा एवढासा ठिपका सोडून पसार. त्यांना तीन हृदयं असतात आणि रक्त निळसर. आपल्या रक्तात लोह, त्यांच्यात तांबं.

अडचण खाण्याची. ही पिल्लं मेलेलं काही शिवत नाहीत. हलणारी, जिवंत शिकार पाहिजे. भाट्याच्या खाडीतली जिवंत कोळीम मेहुणा दर चार दिवसांनी त्याच टेम्पोतून पाठवायचा. निम्मी वाटेतच मरायची.

आणि तेवढ्यात विधानसभेची इलेक्शन ड्यूटी लागली. दोघांनाही. एकाला जत, एकीला मिरज. १९ नोव्हेंबरला सकाळी साहित्य ताब्यात घ्यायचं आणि २० तारखेचं मतदान आटोपून पेट्या जमा करून रात्री कधी सुटू ते सुटू. पिल्लांना दिवसातून तीनदा खायला लागणार. सातारकराने आईला फोन केला. खरं कारण सांगितलं नाही. घर रिकामं राहतंय, एवढंच म्हणाला. अम्मी एसटीने आल्या. टाकीत वाकून पाहिलं.

"ये क्या बला है रे?"

"माकूल हैं, अम्मी."

अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खाने के वास्ते?"

"नहीं. देखने के वास्ते."

"इत्ते से हैं," असं म्हणून त्यांनी चश्मा पुसला. चहाच्या गाळणीने कोळीम कशी सोडायची ते रत्नागिरीकराने दाखवलं. सून सासूला माकूल जगवायला शिकवते आहे, हे आम्हा तिघांनाही जाणवत होतं आणि तिघंही फक्त गाळणीबद्दल बोलत होतो. पाणी आटलं तर फिल्टरचं घाला, तांब्याच्या हंड्यातलं अजिबात नको, हेही बजावलं. ज्या तांब्यावर यांचं रक्त चालतं, तेच पाण्यात उतरलं तर ही मरतात.

ड्यूटीच्या रात्री काय झालं ते आम्हाला शेजारणीकडून कळलं. अम्मी तहज्जुदला उठल्या, तर लाइट गेलेली आणि टाकीचा पंप गप्प. फोन लावला, दोघांचे बंद. मग त्यांनी स्टुलावर बसून मगाने टाकीतलं पाणी उचलून वरून सोडायला सुरुवात केली. चहा गार करताना आपण कपबशीत करतो तसं. पाणी गार करायला नव्हे, हवा मिसळायला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणी हौदातले मासे पावसात वर येतात ते पाहिलेलं, त्यावरून सुचलं म्हणे. दोन तास. अडुसष्टाव्या वर्षी, संधिवाताच्या हातांनी. शेजारीण उठून आली तेव्हा फजरची अजान होत होती आणि अम्मी दर मगाला बिस्मिल्ला म्हणत होत्या.

आम्ही घरी पोचलो तेव्हा टाकीत सतरा जिवंत होती. अम्मी म्हणाल्या, "दो मर गए," आणि पिशवी भरायला घेतली.

त्या गेल्या नाहीत. दोन दिवस म्हणता महिना राहिल्या. पुढचं सांगण्यासारखं फार नाही, कारण ते मरणांचंच आहे. कोळीम कमी पडली, एकदा पाणी बिघडलं, दोघांनी एकमेकांनाच खाल्लं असावं असा संशय. डिसेंबरच्या मध्यावर पाच उरली. आरोग्य खात्याकडून आणलेल्या गप्पी माशांची पिल्लं हळूहळू मीठ वाढवत खाऱ्या पाण्याला सरावायची आणि मग टाकीत सोडायची, हे काम अम्मींनी अंगावर घेतलं. शिकार सोडताना त्या तोंड फिरवायच्या आणि नंतर चोरून बघायच्या. दोन सोंडा बाणासारख्या सुटतात, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच संपलेलं असतं. सर्वांत मोठं माकूल अम्मी आल्या की अंगावर काळपट पट्टे उमटवायचं. अम्मींचं म्हणणं, ते सलाम करतं. भूक लागली की तसं होत असावं असं आम्हाला वाटतं, पण आम्ही वाद घातला नाही.

तेच शेवटपर्यंत राहिलं. अंगठ्याच्या पेराएवढं झालं होतं. २३ जानेवारी २०२५ ला सकाळी तळाशी पांढरं पडलेलं दिसलं. अम्मी तेव्हा साताऱ्यात होत्या. त्यांना दाखवायला म्हणून त्याची कवटी आम्ही धुऊन, वाळवून ठेवली. नखाएवढी, कागदासारखी हलकी. या कवटीत बारीक कप्पे असतात. त्यात हवा-पाणी कमीजास्त करून तो प्राणी वर-खाली तरंगतो.

साताऱ्यात अम्मींनी ती तळहातावर घेतली, उलटीपालटी केली आणि उठून गॅलरीत गेल्या. तिथे लव्ह बर्ड्सचा पिंजरा आहे. पिंजऱ्याच्या तारेला समुद्रफेनाचा तुकडा अडकवलेला असतो, पाखरांना चोच घासायला. तो काढून आणून त्यांनी शेजारी ठेवला.

"ये तो वहीच है."

वहीच होतं. अत्ताराच्या दुकानात समुद्रफेन म्हणून मिळतो तो समुद्राचा फेस नव्हेच, माकुलाचं हाड. युनानीतही त्याला कफ-ए-दरिया, दर्याचा फेस म्हणतात, त्यामुळे फसायला होतं. अम्मींचे वालिद त्याचं मंजन करायचे. "हम सब भाई-बहनाँ दाँताँ पे घिसे इसको," अम्मी म्हणाल्या आणि आधी हसल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. बराच वेळ दोन्ही तुकडे हातात धरून बसल्या. त्यांची नजर सुनेकडे गेली नाही.

"वो डिब्बा, दुल्हन, तेरी अम्मी का था ना?"

"जी."

"ढक्कन पे नाम था."

"जी."

अम्मी उठल्या, असरची नमाज झाली, चहा झाला. आम्हीही काही बोललो नाही. सांगलीला निघताना त्यांनी एक पिशवी दिली. एसटीत उघडली. आत नवं, झाकणाचं जर्मनचं पातेलं होतं, आणि त्यावर साताऱ्याच्या भांडेवाल्याकडून मशीनने नाव घालून आणलेलं. सासूबाईंचं. एक अक्षर चुकलं होतं.

अम्मी माकूल खात नाहीत, खाणारही नाहीत. मागच्या महिन्यात त्या सांगलीला आल्या तेव्हा ते पातेलं गॅसवर होतं. त्यांनी पदर नाकाला लावला, खिडकी उघडली आणि विचारलं, "नमक देखी क्या?"