झाशीतले सात तास

झाशी स्टेशन मी आयुष्यात किती वेळा पाहिलं असेल याचा हिशेब नाही. धाकटे दीर दिल्लीला, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी पंजाब मेलने जाणं व्हायचं. रात्री नाशिकरोडला बसायचं, दुसऱ्या दिवशी डब्यातलं जेवण आटोपून जरा डोळा लागतोय तोच झाशी यायचं. हे खाली उतरून पाणी भरून आणायचे आणि गाडी हलली की दर वेळी तेच वाक्य, "एकदा इथे उतरलं पाहिजे." उतरलो कधीच नाही. तिकीट दिल्लीचं, मधेच उतरायला कारण काय? ह्यांना जाऊन आता पाच वर्षं होतील.

कारण मिळालं ते या फेब्रुवारीत. मी आणि वन्सं (माझ्या धाकट्या नणंदबाई, वय वर्षं सत्तर) चित्रकूटला निघालो होतो. सगळा जन्म पंचवटीच्या आसपास गेला, तेव्हा राम आमच्याकडे यायच्या आधी जिथे राहिला ती जागा एकदा बघावी, ही वन्संची फार दिवसांची इच्छा. त्यासाठी झाशीला गाडी बदलायची. आमची गाडी उशीर करत करत पावणेतीनला पोचली आणि पुढची रात्री साडेदहाला. वन्संनी वेटिंग रूममधला बरा कोपरा हेरून चादर काढलीसुद्धा.

"वहिनी, अहो एवढ्या वेळात काय बघून होणार? आणि माझे गुडघे?"

"गुडघे इथे बसूनही दुखणारच आहेत," मी म्हटलं.

तीस वर्षं मी हायस्कुलात इतिहास शिकवला. 'दत्तक वारस नामंजूर' यावर टीप लिहा, हा प्रश्न किती वेळा काढला आणि किती वेळा तपासला, ते माझं मलाच माहीत. त्या गावात सात तास मिळालेत आणि मी पंख्याखाली बसून काढायचे? शक्यच नव्हतं. क्लोकरूमवाला मात्र कुलूप नसलेलं सामान घेईना. वन्संच्या पिशवीला धड चेनसुद्धा नव्हती, कुलूप लावणार कुठे? शेवटी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुडघ्याचं तेल असलेली ती पिशवी खांद्याला लावूनच आम्ही झाशी पाहिली.

स्टेशनचं नाव आता 'वीरांगना लक्ष्मीबाई झाँसी' आहे. २०२१ च्या अखेरीस बदललं. बॅटरीच्या रिक्षावाला मुलगा मात्र नुसतं झाँसीच म्हणत होता. आम्हा दोघींना 'अम्मा, अम्मा' करत त्याने तीन ठिकाणं दाखवून परत स्टेशनवर सोडायचं ठरवलं. भाव वन्संनी केला. त्यात त्या माझ्यापेक्षा पुष्कळ हुशार आहेत.

आधी राणीमहाल. महाल म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं तसं तिथे काही नाही. भर बाजारातली दुमजली इमारत, मधे चौक, भोवती दालनं. आपल्याकडचा एखादा मोठा वाडाच म्हणा ना. नेवाळकरांपैकी रघुनाथरावांनी हा बांधला. २१ नोव्हेंबर १८५३ ला गंगाधरराव गेले, १८५४ मध्ये डलहौसीने संस्थान खालसा केलं आणि किल्ला सोडून राणी इथे राहायला आली. महिना पाच हजार रुपये पेन्शन. वरच्या दरबार हॉलच्या छताला रंगीत वेलबुट्टी आणि मोर आहेत, रंग अजून शाबूत आहेत. खाली पुरातत्त्व खात्याने आसपासच्या भागातली नवव्या ते बाराव्या शतकांतली शिल्पं मांडून ठेवली आहेत, बरीचशी भंगलेली. वन्सं त्या मूर्तींपाशी रेंगाळल्या. मी वरच्या खिडकीपाशी उभी राहिले. खाली चपलांची दुकानं, मोबाइलची दुकानं, हातगाड्या. पंचविशी ओलांडली-न ओलांडलेली एक विधवा बाई, मांडीवर दत्तक मुलगा, आणि रोज दिसतो आहे तो किल्ला, ज्यावर निशाण दुसऱ्याचं. पुस्तकात ही तीन वर्षं एका वाक्यात संपतात. त्या खिडकीत ती बरीच लांब वाटली.

किल्ल्यावर पोचायला साडेचार झाले. ओरछाच्या वीरसिंहदेव बुंदेल्याने हा १६१३ मध्ये बांधला. दारातून आत गेल्यावर 'कडक बिजली' तोफ. पण मला खरा आनंद झाला तो वेगळ्याच नावाने. एक गाईड दहा-बारा जणांच्या घोळक्याला सांगत होता की, किल्ल्याचा हा भाग मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी वाढवला म्हणून याला शंकरगढ म्हणतात. आमचे नारोशंकर! गोदाकाठच्या देवळात १७२१ साल कोरलेली पोर्तुगीज घंटा आहे, वसईच्या विजयानंतर आणलेली, तिला नाशकात सगळे नारोशंकराची घंटाच म्हणतात. मालेगावचा भुईकोटही त्यांचाच. १७४२ मध्ये ते झाशीला सुभेदार म्हणून आले, त्यांनी किल्ला वाढवला आणि खालचं शहर वसवलं. मी त्या गाईडला हे सांगायला गेले तर तो म्हणाला, "माताजी, आगे चलिए, पीछे वाले रुके हैं." असो.

'कूदान स्थल' नावाची जागा आहे. मुलाला पाठीशी बांधून राणीने घोड्यावरून इथून उडी घेतली, असं सांगतात. खाली वाकून पाहिलं. घोडा जगेल अशी ती उंची नाही, असं माझं आपलं मत. ती ४ एप्रिल १८५८ च्या रात्री शहराच्या भांडेरी दरवाजाने मोजक्या लोकांनिशी बाहेर पडली, हे मला जास्त पटतं. वेढ्यातल्या शहरातून अंधारात, शत्रूच्या पहाऱ्यातून बाहेर पडणं हे काय कमी धैर्याचं काम आहे? त्याला उडीची जोड कशाला लागते? पण मुलं तिथेच फोटो काढत होती आणि काढणारच.

तिथून पुढे गेलं की एका झाडीत कबरी आहेत. गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई. गौस खान कडक बिजलीवरचा तोफची. मोतीबाई गंगाधररावांच्या नाटकशाळेतली नटी होती, पुढे तिनेही तोफ चालवली, असं सांगतात. नटी, पठाण आणि तोफखान्यातले शिपाई शेजारी शेजारी. आमच्या पाठ्यपुस्तकात ही नावं नव्हती. कोरी समाजातली झलकारीबाईही नव्हती. राणीसारखी दिसणारी म्हणून तिच्या वेशात इंग्रजांना सामोरी गेलेली ही बाई टपाल तिकिटावर आली ती २००१ मध्ये. आणि जून १८५७ मध्ये किल्ल्यातून बाहेर पडलेल्या साठएक इंग्रजांची, बायकामुलांसकट, जोखनबागेत कत्तल झाली, हेही नव्हतं. धड्याला पान-दीड पान मिळायचं, त्यात काय काय मावणार! वन्संनी पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली आणि तिन्ही कबरींना हात जोडले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जोडलेले चालतात ना इथे?" मी म्हटलं, चालतात.

तटावरून सगळं शहर दिसतं. ऊन उतरायला लागलं होतं. इथे मला आपल्या कोकणातल्या एका माणसाची आठवण होणं अगदी साहजिक होतं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावरचं कर्ज फेडायला चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर १८५७ मध्ये उत्तरेत निघालेले गरीब भटजी. मथुरेला बायजाबाई शिंद्यांचा यज्ञ व्हायचा होता, तिथे जायचं होतं त्यांना. त्यात हे सगळं पेटलं आणि वेढा पडला तेव्हा ते नेमके झाशीत होते. म्हटलं तर आमच्यासारखेच, वाटेत थांबलेले. त्यांनी नंतर लिहिलेला 'माझा प्रवास' भारताचार्य चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये छापला, तोही बराच बदलून. मूळ रूपात तो १९६६ मध्ये आला.

आम्ही शिकवायचो त्या धड्यात राणी झाशीतून निघाली की धडाही तिच्याबरोबर निघतो. पुढचं वाक्य काल्पीचं, मग ग्वाल्हेर, मग शेवट. विष्णुभटांचा धडा मात्र झाशीतच राहतो, कारण ते झाशीतच अडकले होते. ३ एप्रिलला ह्यू रोजची फौज तट चढून आत आली. हलवाईपुऱ्यात आगी लागल्या, किल्ल्यावरून राणीने स्वतः जळतं शहर पाहिलं. ती गेल्यानंतरही कत्तल आणि लूट चालूच होती. घराघरांत शिरून शिपाई आधी पैसाअडका, मग भांडीकुंडी, मग कपडे नेत होते. राजांची पुस्तकशाळा लुटली गेली तेव्हा पोथ्यांचे रुमाल तेवढे घेऊन पानं रस्त्यावर भिरकावून दिली. प्रेतं चौकाचौकांत एकत्र करून जाळावी लागली. विष्णुभटांनी जमवलेली दक्षिणाही गेली. हे सगळं त्यांनी फार साध्या भाषेत लिहिलं आहे, भूक-तहान लागली तेसुद्धा. मी जिथे उभी होते तिथून ती घरं, म्हणजे त्या घरांच्या जागी उभी असलेली आजची घरं दिसत होती. गच्चीवर पापड, टाकीवर माकडं.

शिट्ट्या वाजवून रखवालदारांनी सगळ्यांना खाली काढलं. गल्ल्या इतक्या अरुंद की रिक्षा पुढे जाईना, म्हणून शेवटचा तुकडा चालत गेलो. जुन्या शहरात गणपतीचं मंदिर आहे, मराठी मंडळींचं. मणिकर्णिकेचं लग्न १८४२ मध्ये इथेच लागलं, असं झाशीत सांगतात. आम्ही गेलो तेव्हा आरतीला सुरुवात होत होती. आपलीच आरती, आपलीच चाल, फक्त टाळ्यांचा ठेका जरा संथ. सात-आठच माणसं. वन्संचा आवाज त्यांत सगळ्यात खडा लागला.

आरतीनंतर एका बाईंनी हातावर खिरापत ठेवली आणि विचारलं, "तुम्ही महाराष्ट्राकडून आलात न?" आमच्याच वयाच्या, नऊवारी नाही, पण डोक्यावरून पदर. त्यांचे पूर्वज नेवाळकरांबरोबर आले, किती पिढ्या ते त्यांनाही सांगता येईना. त्यांचं मराठी ऐकायला फार गोड. "मला मालूम नाही", "चाय घेऊन घ्या न" असं मधेच हिंदी, आणि मधेच 'मुदपाकखाना' असा शब्द, जो माझ्या आजीनंतर मी कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. नातवंडांना समजतं, पण बोलत नाहीत म्हणाल्या. घर दोन गल्ल्या सोडून होतं. चहाला चलाच म्हणाल्या. मी घड्याळ पाहिलं, वन्सं आधीच चालू लागल्या होत्या.

चहा घेता घेता मी विचारलं, त्या वेळचं काही घरात बोललं जातं का? त्यांना 'सत्तावन्न' कळलं नाही, 'गदर' म्हटल्यावर कळलं.

"आमच्या घरात सहा माणसं होती म्हणे गदरात. वाचली एकटी सून. ती बाळंतपणाला माहेरी सागरला गेली होती. आली तेव्हा घराला दारं नव्हती, चौकटी पण नव्हत्या. विहिरीचा गाळ काढला तेव्हा एक तपेलं मिळालं. लुटीच्या भीतीने सगळी भांडी विहिरीत टाकली असतील, पण मिळालं एकच."

"आणि बाळ?" वन्संनी विचारलं.

"बाळ होतं न. म्हणून तर आम्ही आहोत."

थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग वन्संनी विचारलं, ते तपेलं अजून आहे का. बाई उठून आत गेल्या आणि घेऊन आल्या. मोठं, पितळी, बूड चेपलेलं, काठाला एका जागी डाग दिलेला. सत्यनारायणाचा शिरा त्यातच होतो म्हणाल्या, फक्त कल्हई करणारा आता मिळत नाही. वन्संनी ते दोन्ही हातांनी उचलून पाहिलं, आत डोकावल्या, आणि नाशकात भद्रकालीत एक कल्हईवाला अजून बसतो हे त्यांना सांगितलं. जसं काही त्या उद्याच तपेलं घेऊन नाशिकला येणार होत्या! निघताना पिशवीतली उरलेली चटणी मात्र त्यांनी तिथे काढून ठेवली.

साडेदहाची गाडी पावणेअकराला आली. दोन्ही बर्थ खालचेच मिळाले होते. वन्संनी गुडघ्यांना तेल लावलं, पांघरूण घेतलं, आणि मला वाटलं झोपल्या.

"वहिनी, त्या भटजींचं पुस्तक घरी आहे?"

"आहे. तुमच्या दादांनीच घेतलेलं."

"मोठ्या टायपात आहे का?"

"नाही हो, बारीक आहे."

"मग घरी गेल्यावर दुपारचं तुम्ही वाचा, मी ऐकेन," असं म्हणून त्या कुशीवर वळल्या.