वगळलेल्याची जागा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या माजघरांत एक खटला उभा राहिला. वादी आमची धाकटी नात, प्रतिवादी थोरला नातू, आणि आरोपी एक हिरवा, आकाशांत विहार करणारा सर्प! आमचा उभा जन्म मुलांचे तंटे मिटविण्यांत गेलेला. तेव्हां न्यायासन आपोआपच आमच्याकडे आलें.

पोकेमॉन हें नांव मुलेंबाळें असलेल्या घरांत आतां नवें राहिलेलें नाहीं. १९९६ सालीं जपानांत निघालेला हा खेळ. नाना शक्तींचे सहा प्राणी निवडावयाचे व प्रतिपक्षाच्या प्राण्यांशीं झुंजवावयाचे. ज्याला पाण्याचें बळ त्याला विजेचें भय, ज्याला विजेचें बळ त्याला मातीचें. सारी गंमत या निवडींत आहे. पुढें २०१४ सालच्या 'ओमेगा रुबी' व 'आल्फा सफायर' या आवृत्त्यांत रेक्वेझा नामक सर्पास 'मेगा' रूप प्राप्त झालें. आमच्या नातवंडांना त्यांच्या आतेभावांकडून हाच जुना खेळ मिळाला होता.

"आजोबा, दादानें तो काढला कीं माझा खेळ तिथेंच संपतो. त्याला बंदी करा," नात म्हणाली.

"बळ असणें हा काय गुन्हा झाला? हिनेंही तोच घ्यावा!" नातू उत्तरला.

आम्हीं प्रथम पुरावा मागितला. तेव्हां कळलें तें असें : रेक्वेझाच्या मेगा रूपाच्या सर्व गुणांची बेरीज ७८०. परंतु मेगा म्यूटू नांवाच्या दुसऱ्या प्राण्याचीही बेरीज तेवढीच! मग दोष याचाच कां? तर इतर प्राण्यांना मेगा रूप घेण्यासाठीं एक मणि जवळ बाळगावा लागतो व दुसरी कोणतीही साधनवस्तु घेतां येत नाहीं. रेक्वेझाला केवळ एक विद्या अवगत असली कीं पुरे, हात मोकळाच. शिवाय दोन्ही प्रकारच्या हल्ल्यांचें बळ सारखेंच, म्हणजे १८०. त्यामुळें समोरच्यानें ढाल कोणत्या बाजूस धरावी हें कळत नाहीं. आणि त्याच्याबरोबर सुटणारा वारा त्याचीं मर्मस्थानेंही थोडींबहुत झांकतो.

स्मोगॉन या खेळाडूंच्या मंडळानें अतिबलाढ्यांसाठीं 'उबर्स' हा वर्ग राखलेला होता. त्यांतूनही या सर्पास वगळावें लागलें. मात्र त्याच्यासाठीं 'एनिथिंग गोज', म्हणजे 'कांहींही चालेल', असा नवा वर्ग त्यांनीं निर्माण केला. उलट, २०१६ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें झालेल्या अधिकृत जगज्जेतेपदाच्या सामन्यांत, जेथें दोन दोन प्राणी एकदम लढतात, तेथें त्यास मज्जाव नव्हता. विजेत्या वुल्फ ग्लिक यांच्या संघांत तो होताच. म्हणजे दोष बळाचा नव्हे. ज्या रिंगणांत एकाच्या येण्यानें इतरांची निवड निरर्थक होते, त्या रिंगणापुरता तो प्रश्न आहे.

नातू म्हणाला, "मग श्रीकृष्णालाही कुरुक्षेत्रावर बंदीच होती म्हणा!" आम्हीं सांगितलें, "बाळा, त्यानें शस्त्र आपण होऊन खालीं ठेविलें. आणि तरीही तो तंबूंत बसून राहिला नाहीं. रथाचे लगाम त्याच्या हातीं होते."

हें बोलतां बोलतांच आम्ही थबकलों. आमच्या अध्यापनकाळीं वक्तृत्वस्पर्धेंत सतत चार वर्षें एकच विद्यार्थी पहिला येई. हळूहळू इतर मुलें नांवेंच देईनात. पांचव्या वर्षीं आम्हीं त्याचें नांव घेण्याचें नाकारलें. त्या वर्षीं स्पर्धकांची रांग लागली. आम्हीं स्वतःस धन्य मानिलें. तो मात्र शेवटच्या बांकावर बसून होता. त्यानंतर वर्गांत त्यानें कधीं हात वर केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. नियम चुकीचा नव्हता, असें आजही वाटतें. परंतु त्यास परीक्षकांशेजारीं बसवितां आलें असतें, लहान मुलांची तयारी करून घेण्यास सांगतां आलें असतें. आम्हीं त्याला वगळलें, आणि दुसरी जागा दिली नाहीं.

मुलांना ही हकीकत सांगून आम्हीं निकाल दिला : रोजच्या खेळांत रेक्वेझा नको, रविवारीं एक डाव असा, कीं ज्यांत दोघांनींही त्यास खुशाल आणावें. दोन्ही पक्षांस हें मान्य झालें.

नात मात्र उठतां उठतां म्हणाली, "आजोबा, त्या मुलाला तुम्हीं मागाहून कधीं कांहीं विचारलेंत का?"

न्यायासनावर बसून आम्हांस त्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. त्या रात्रीं जुन्या वह्या काढून आम्ही त्याचा पत्ता शोधीत बसलों.