आकाशाचं ऐकणारा ग्रंथ

ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ अंगाने किरकोळ. श्लोक दोनशेच्या आसपास. जोशीबुवांच्या पाठांतरात सहज मावावेत इतके. जन्म शके १४४२ चा, म्हणजे इ.स. १५२० चा. गाव कोकणकिनाऱ्यावरचं नांदगाव, कर्ते गणेश दैवज्ञ. घर वेध घेणाऱ्यांचं. गणेशांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः ग्रह निरखत आणि जुन्या ग्रंथांतलं गणित आकाशाशी ताडून पाहत. तो संस्कार या ग्रंथात पुरता उतरला आहे.

स्वभावाने हा ग्रंथ काटकसरी. कलियुगाच्या आरंभापासूनचा अहर्गण, म्हणजे सरलेल्या दिवसांची संख्या काढायची, तर याच्या जन्मवर्षीच ती सोळा लाखांवर गेलेली. याने काळाची अकरा-अकरा वर्षांची चक्रं पाडली. एका चक्रात १३६ चांद्रमास, म्हणजे ४०१६ दिवस. सरलेल्या चक्रांचा हिशेब प्रत्येक ग्रहाच्या ध्रुवाने, म्हणजे दर चक्रामागे ठरलेल्या अंकाने भागवायचा. मग हाती उरतात ते फार तर चार हजारांच्या आसपास दिवस. ज्या आणि चाप यांचं, म्हणजे त्रिकोणमितीचं, अवघड प्रकरणही याने दारातच थांबवलं. त्यांच्या जागी पंधरा-पंधरा अंशांवरचे तयार अंक दिले. मधली किंमत त्रैराशिकाने काढावी. धूळपाटी पुढ्यात घेऊन बसलेल्या खेड्यातल्या जोशालाही ग्रह साधता आला, तो यामुळे.

मात्र सोपेपणासाठी खरेपणा सोडणाऱ्यांतला हा नव्हे. त्या काळी ज्योतिषी आपापल्या पक्षाला, म्हणजे गणिताच्या एकेका परंपरेला, धरून असत. याने एकाच पक्षाला न धरता सूर्य सौरपक्षाचा घेतला. चंद्रही त्याच पक्षाचा, पण ९ कला वजा करून. गुरू, मंगळ, राहू आर्यपक्षाचे. बुधाचं केंद्र (त्याच्या गणितातला एक कोन) ब्राह्मपक्षाचं. शनी आर्यपक्षाचा, तोही ५ अंश वाढवून. कसोटी एकच: गणिताने सांगितलेल्या जागी ग्रह दिसला पाहिजे. पूर्वसूरींचा मान राखून त्यांना दुरुस्त करण्याचं हे धैर्य मला याच्या काटकसरीहून मोठं वाटतं.

पुढे महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या पंचांगं याच्या आधाराने झाली. दरम्यान ग्रहगतींतल्या बारीक चुका वर्षागणिक साचत गेल्या आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत याचे ग्रह आकाशातल्या ग्रहांपासून ढळले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये नवी ग्रहसाधनाची कोष्टकं दिली. पंचांग बदलावं की नाही, यावर नंतर मोठे वाद झाले. जुन्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ग्रहलाघवाचा आधार घेतला. पण ज्याने स्वतः शनीला ५ अंश सरकवलं, त्याच्या नावाने दुरुस्ती अडवणं हा त्याच्यावरच अन्याय होता. त्याचे खरे वारस छत्रेच.

पंचांग घरात असेल, तर आज त्यात गुरू-शनी कुठे आहेत ते वाचा आणि रात्री आकाशात त्यांना शोधा. गणेश दैवज्ञांच्या ग्रंथाचा मान राखायची हीच योग्य रीत आहे.